एलनबाईची नवमी

कॅलगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१४ एप्रिल २०२४

ती. त्रिवेणीवहिनीस,
सप्रेम नमस्कार.

पाडव्याला आईला फोन केला तेव्हा काय झालं ते तू पाहिलंसच. फोन जवळ नेला की तिच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि मशीन काढलं की तिला काही ऐकू येत नाही. "कोण? कोण हाय?" असं विचारत राहिली आणि शेवटी कंटाळून तिनं फोन तुझ्या हातात दिला. व्हिडिओवर माझा चेहरा ओळखावा इतकी तिची नजरही आता राहिली नाही. म्हणून मी ठरवलं, आपलं जुनं पत्रच बरं. पोस्टाला महिना लागतो, तेव्हा कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवत जाईन. तू तो तिच्या उजव्या कानाशी वाचून दाखव. वेळ मिळेल तेव्हा.

युवराज, तुमचा जावई, सकाळीच खाणीवर जातो. कर्नाटकात हट्टीच्या सोन्याच्या खाणीत होता तेव्हा निदान दुपारी जेवायला घरी यायचा. इथे ते नाही. आमचा रोहन पर्थला शिकायला गेल्यापासून घर खायला उठतं. म्हणून इथल्या काही बायकांबरोबर मी रविवारी जुनी थडगी साफ करायला जाऊ लागलेय. हसू नकोस.

शतकापेक्षा जास्त झालं, या वाळवंटात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत आली. ना नदी, ना विहीर. खाऱ्या तळ्याचं पाणी उकळायचं, त्याची वाफ थंड करायची आणि ते पाणी विकत घ्यायचं. मग विषमज्वर आला. कापडाच्या तंबूत माणसं पडून राहिली आणि पटापट गेली. काही गावं तर आता उरलीही नाहीत, झाडोऱ्यात नुसती थडगी आहेत. परवा एका थडग्याभोवती बाटल्या उलट्या पुरून केलेलं कुंपण दिसलं. आत तान्ही मुलगी आहे. पेटीला लाकूड नव्हतं म्हणून मेणबत्त्यांच्या खोक्यात ठेवली होती तिला. तिची आईही त्याच आठवड्यात गेली. मी वाळलेलं गवत उपटलं आणि घरी येऊन खूप रडले.

हे आईला सांगावंसं वाटलं. तू नशीबवान आहेस वहिनी, आई तुझ्या हाताशी आहे.

तुझी,
राणी

---

नल्लकुंटा, हैदराबाद
२ मे २०२४

प्रिय राणी,
अनेक आशीर्वाद.

"वेळ मिळेल तेव्हा" असं लिहिलंस. मिळाला हो वेळ. एकदा वाचून भागलं नाही म्हणून दुपारी पुन्हा मिळाला, आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मालनबाई आल्या तेव्हा पुन्हा. मालनबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यांना तापाच्या गोष्टी फार. त्यानंतर मी उन्हातून शंकरमठाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि तुझ्या फोटोचा प्रिंट काढून आणला, कारण तुझ्या आईला, आमच्या आत्याबाईंना, कागद हातात पाहिजे. एक अक्षर दिसत नाही, तरी उशाशी ठेवलाय. आल्यागेल्याला दाखवतात, "मह्या राणीचं पत्र."

पल्लवी म्हणाली, आजी, मी वाचते. आमची लेक हायटेक सिटीत दिवसभर इंग्रजी बोलते. मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबते. आत्याबाईंनी तिच्या हातातून कागद काढून माझ्या हातात दिला. तेवढाच काय तो माझा मान.

खरं सांगू? मला राग आला. पहाटे जरा कुठे डोळा लागतो तोच "त्रिवेणे, पाणी" अशी हाक येते आणि माझा दिवस सुरू होतो. आंबील, अंघोळ, डोळ्यांतले थेंब, वेणी. पण "आंबील बरी झाली" एवढं साधं वाक्य या घरात मला कधी ऐकायला मिळालं नाही. तू मेणबत्तीचं खोकं पाठवलंस आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी इतकी वर्षं काय करतेय असं वाटलं.

आणि नशीबवान म्हणतेस ते हे नशीब. थोडं कुरिअरनं पाठवू का?

आता आत्याबाई सांगतायत ते लिहिते.

"राणे, पत्र भेटलं. वाळलीस का गं? जेवत जाय. ती लेकराची माय तापात पडली व्हती, तिला पाणी कोणी दिलं ते लिही."

मी म्हटलं, आत्याबाई, इतकं जुनं कोणाला माहीत असणार? तर म्हणाल्या, "तू लिही गं. राणीला म्हाईत असंल."

बघ. तुला सगळं माहीत असतं.

त्रिवेणी

---

कॅलगुर्ली
२६ मे २०२४

ती. वहिनी,
स. न.

तुझा राग पोचला, प्रिंटचे आभारही इथूनच मानते.

आईसाठी ग्रंथालयात जाऊन त्या काळची वर्तमानपत्रं पाहिली. मरणाची बातमी एका ओळीत असते. नाव, वय, ताप. पाणी कोणी दिलं हे छापायची पद्धत नव्हती. त्या बाळाच्या आईचं तर नावही मिळालं नाही. आईला सांग, शोधतेय.

गेल्या रविवारी आम्ही गाडीनं लांब गेलो होतो. एक ओसाड जागा, चार विटांच्या चुली आणि लाल माती. तिथे एका ढिगावर पत्र्याचा तुकडा सापडला. खिळ्यानं भोकं पाडून त्यावर नाव लिहिलंय: "एलन, टॉमची बायको." बस. बाकीच्यांना दगड तरी आहेत, हिला पत्रा. विशी नुकतीच ओलांडली होती, एवढंच कळलंय. मी हातानं माती पुसली तर पत्रा इतका तापलेला की बोटं भाजली. टॉमनं तो उन्हात बसून ठोकला असेल. मग पुढे तो कुठे गेला कोणास ठाऊक.

आणि वहिनी, एक बोलायचं होतं. मी दादाशी बोलले आहे. आईला मी इकडे घेऊन यावं म्हणते. इथे डॉक्टर चांगले आहेत, घर रिकामं आहे, आणि तुलाही थोडी उसंत मिळेल. तूच म्हणतेस ना, की फार होतं. दादाला पटलंय. दिवाळीला मी न्यायला येईन. आईला हे तू नीट समजावून सांग.

राणी

---

नल्लकुंटा
११ जून २०२४

राणी,

तुझे दादा मला हे जेवताना सांगतात. कढीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. "राणी आईला नेते म्हणतेय, बघू." बघू म्हणजे काय? ती बाई आहे की भिंतीवरचं घड्याळ, इथून काढून तिथे लावायला?

मी कुरकुर केली म्हणून तू हात पुढे केलास होय? मी स्वयंपाकाबद्दल, उन्हाबद्दल, नळाबद्दल, सगळ्याबद्दल कुरकुर करते. तो माझा स्वभाव आहे. त्याचा अर्थ माझं माणूस उचलून न्या असा होत नाही.

तर आता स्पष्टच ऐक. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, एलनबाईपर्यंत. (आत्याबाईंनी तिला बाई जोडली आहे.) पुढचा नेण्याबिण्याचा भाग मी वाचला नाही आणि वाचणारही नाही. मागून कोणी तुला सांगण्यापेक्षा मीच सांगते.

मला भीती आहे, तीही सांगते. तू विचारलंस तर त्या हो म्हणतील. दिवसभर या घरात तुझंच नाव असतं. मालनबाई येतात आणि विचारतात, "काय म्हनते तुमची ऑस्ट्रेलिया?" आणि आत्याबाईंचा चेहरा फुलतो. माझं नाव फक्त काही पाहिजे असलं की निघतं. त्या तुझ्याबरोबर आनंदानं गेल्या, तर मी या घरात कशासाठी होते, ते मला कोणी सांगेल का?

त्यांचा निरोप: "एलनबाई लई कवळी गेली. टॉम बरा दिसतो, पत्रा तरी ठोकला. तिला पाणी त्यानंच दिलं का, का तो खड्डे खांदायला गेल्ता, ते इचार."

त्रिवेणी

---

कॅलगुर्ली
७ जुलै २०२४

वहिनी,

माझी पत्रं माझ्या आईसाठी आहेत. ती पूर्ण वाचून दाखवायची की अर्धी, हे ठरवणारी तू कोण? पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तू हे करतेस. दादा तिच्या कानाशी ओरडतो आणि ती घाबरते. पल्लवीला वाचता येत नाही. सगळ्या किल्ल्या तुझ्याच कमरेला.

तुला माझा हेवा वाटतो, कारण माझा कागद उशाशी आहे. मग माझंही ऐकून घे. आई सकाळी जागी झाली की तुला हाक मारते. "त्रिवेणे." तू म्हणतेस, झोपमोड होते. मी फोन केला की मला म्हणते, "कोण?" तिच्या पोटची मी, आणि मी "कोण" आहे. त्या एका हाकेसाठी मी ही सगळी लाल माती तुला द्यायला तयार आहे. माझ्या हातचं पाणी ती शेवटी कधी प्यायली, हे मला आठवतसुद्धा नाही.

हेवा करायचाच तर तो मी करायचा, वहिनी. तू नाही.

टॉमचं अजून काही कळलं नाही.

राणी

---

नल्लकुंटा
२५ ऑगस्ट २०२४

राणी,

तुझ्या पत्राला मुद्दामच उशिरानं उत्तर देतेय. लगेच दिलं असतं तर ते तुझ्या वाचण्याजोगं झालं नसतं.

इथे आता वेगळंच सुरू झालंय. आत्याबाईंनी ठरवलं आहे की पितृपक्षात एलनबाईची अविधवा नवमी करायची. नवरा मागे असताना गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, ती नवमी. म्हणाल्या, "परमुलखात मेली. लेक न्हाई, सून न्हाई, कोणी केलं असंल तिचं? टॉमला काय ठाव नवमी?"

मी म्हटलं, आत्याबाई, ती ख्रिश्चन होती. तर म्हणाल्या, "मंग काय झालं? भूक तर लागतच असंल ना?" मालनबाई म्हणाल्या, "आमच्यात हे नसतंय, पन जेवायला मी येनार." झालं, एक पान पक्कं. सवाष्ण म्हणून बरकतपुऱ्याच्या निशिगंधाला सांगितलंय. आपल्या कैलासवासी बाबांच्या रेल्वेतल्या जोडीदाराची सून. आता या गल्लीत आपली मराठी सवाष्ण शोधायची म्हणजे दिवा घेऊन हिंडायचं काम. परवा अफझलगंजला जाऊन पत्रावळी आणल्या, ओटीचा खण आणला, हिरव्या बांगड्या आणल्या. आत्याबाई म्हणाल्या, खण भारीतला आण. आणला.

आता हे वाच आणि मला काय म्हणायचं ते म्हण. माझी आई भालकीला सवाष्णच गेली. माझ्या भावांनी एक-दोन वर्षं नवमी केली, मग वहिन्या नोकरीला लागल्या आणि बंद पडलं. मी या घरात इतक्या नवम्या रांधल्या. तुझ्या आजीची, तुझ्या काकूची. माझ्या आईचं नाव या घरात कोणी घेतलं नाही, कारण सुनेच्या माहेरचं सासरी करत नसतात. तेही मला मान्य होतं. पण आता कुठली कोण, वाळवंटातली, पत्र्यावरची बाई, तिच्यासाठी भारीतला खण! का, तर तुझ्या पत्रातली आहे म्हणून.

मी पुरण वाटताना रडणार आहे, हे आताच सांगून ठेवते. कोणी विचारलं तर मिरचीचा हात लागला म्हणेन.

तो भाग अजून वाचलेला नाही.

त्रिवेणी

---

कॅलगुर्ली
२० सप्टेंबर २०२४

वहिनी,

घाईनं लिहितेय. तुझ्या आईचं वाचून मला वाईट वाटलं. मला ते कधी सुचलंच नाही, खरंच सुचलं नाही.

पण आता एक पंचाईत झाली आहे. ग्रंथालयातल्या बाईंनी मला एलनची बातमी शोधून दिली. टॉम तिच्या आधी गेला, वहिनी. खड्ड्याची कड ढासळली आणि तो आत गाडला गेला. तेव्हा ती तापात होती. ती त्यानंतर गेली. म्हणजे पत्रा टॉमनं ठोकलेला नाही, दुसऱ्या कोणीतरी ठोकला. आणि म्हणजे एलन सवाष्ण नव्हती.

बातमीत आणखी एक ओळ आहे. "शेजारच्या तंबूतील एक स्त्री अखेरपर्यंत तिच्याजवळ होती." त्या स्त्रीचं नाव दिलेलं नाही.

आई किती हौसेनं करते आहे. आता ऐन वेळी तिला हे सांगू नकोस. नवमी होऊन जाऊ दे, मग सावकाश सांगू. एवढं माझं ऐक. हे पत्र वाचूच नकोस तिला.

राणी

---

नल्लकुंटा
२६ सप्टेंबर २०२४

राणी,

काल नवमी झाली.

तुझं पत्र मी वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तूच तसं बजावलं होतंस ना? जुलैत "पूर्ण वाच" आणि सप्टेंबरात "वाचूच नकोस", असं दोन्ही बाजूंनी मला नाचवू नकोस.

खोटं कशाला सांगू, वाचलं ते तू बजावलं होतंस म्हणून नव्हे. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. वडे तळून झाले होते, खीर उतरवली होती, पुरणपोळ्यांची चळत झाकून ठेवली होती. निशिगंधा यायची होती. आत्याबाई तो खण मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्याच्या काठावरून बोटं फिरवत होत्या. ते बघितलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या आईच्या ओटीत असा खण कधी पडला नाही. मी हात पुसले, मोबाइल घेतला, त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, राणीचं पत्र आलंय." मग वाचलं. टॉम गेला तेही वाचलं, एलन सवाष्ण नव्हती तेही वाचलं आणि "आईला सांगू नकोस" तेही. तुझ्या एलनबाईचं पान उठवायचं होतं मला.

आत्याबाईंची बोटं खणाच्या काठावरून फिरतच राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "म्हंजे ती मह्यासारखी."

मी मोबाइल खाली ठेवला.

मग म्हणाल्या, "शेजारची बाई व्हती ना जवळ? तिचं नाव वाच."

मी म्हटलं, नाव नाही दिलेलं.

"कामून? मेलेलीचं हाय, गाडल्या गेलेल्याचं हाय, आन् जिनं पाणी दिलं तिचं न्हाई?"

छापायची पद्धत नव्हती, असं राणी म्हणते, मी म्हटलं. त्यावर त्यांनी तुमच्या सगळ्या वर्तमानपत्रांना जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही.

एवढ्यात निशिगंधा आली. मी उठायला लागले, तिला काय सांगावं याची जुळवाजुळव करत. आत्याबाईंनी माझा हात धरला. "बसव तिला. पान वाढ. खण हाय, वडे हायती, सवाष्ण हाय. गोदाबाईचं नाव घे आन् पाणी सोड."

गोदाबाई म्हणजे माझी आई. मला वाटलं होतं, त्यांना तिचं नाव आठवतही नसेल.

मी म्हटलं, आत्याबाई, व्याहिणीचं सासरी करत नाहीत. तर म्हणाल्या, "तिकडल्या एलनबाईची करत व्हते तवा कोणी न्हाई म्हनलं न्हाई. आता कोन म्हनतंय?" कोणीच म्हटलं नाही. तुझे दादा पाण्याचे पेले मांडत होते, ते तसेच मांडत राहिले. निशिगंधाच्या ओटीत तो खण मी घातला. डोळे पदरानं पुसले, आणि मिरचीचं नावही मला घेता आलं नाही.

एलनबाईसाठी आत्याबाईंनी तांब्याभर पाणी गॅलरीत कुंडीजवळ ठेवायला सांगितलं. "नवमीत बसत नसंल, तहान तर हायच की." त्याच्या शेजारी दुसरा तांब्या, त्या बिननावाच्या बाईसाठी. मालनबाई तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "या तापात तहान लई असते. बसून ऱ्हायलेल्या माणसाला पन."

जेवणं झाली. मग मी तुझं मे महिन्यातलं पत्र काढलं आणि राहिलेला भाग वाचला. नेण्याचा. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. वाचताना माझा आवाज नीट होता, याचं मला समाधान आहे.

त्यांनी सांगितलेलं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

"राणे, म्या येत न्हाई. तू बलावलंस, बरं वाटलं. म्या तुला दर पत्रात इचारलं, पाणी कोणी दिलं. तू धुंडलंस, पन कोणाचं नाव भेटलं न्हाई. तिथं बायांपाशी कोणी नव्हतं, आन् जी व्हती तिचं नाव न्हाई ठेवलं. मह्यापाशी हाय. उद्या म्या गेले आन् कोणी इचारलं, म्हातारीला पाणी कोणी दिलं, तर नावानिशी सांग. त्रिवेणी. कागदावर लिवून ठेव."

हे लिहिताना मी थांबले. स्वतःचं नाव स्वतःच कसं लिहायचं? त्या म्हणाल्या, "लिवलं का?" मी म्हटलं, लिहिलं. म्हणाल्या, "वाचून दाखव." दाखवलं.

आणि आता माझं ऐक. मी इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते त्यांनी शेवटी म्हटलं, आणि तेही तुला. मी शेजारी बसलेली, माझ्याच हातात पेन, आणि वाक्य तुझ्या पत्रातलं. तेही तुझ्याच वाट्याला गेलं. मला अजून राग आहे. हे पत्र तुला पाठवीन, पण कागद माझ्याजवळ राहील. तू फोटोच घे.

त्रिवेणी

---

कॅलगुर्ली
६ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

तुझा फोटो मिळाला. अक्षर तुझं आहे, आणि तुझं नाव तू जरा लहानच काढलं आहेस. मोठं करून बघितलं.

आई येत नाही म्हणाली, त्याचं मला इतकं नाही लागलं. नाव लागलं. मी विचार केला, माझं कुठे बसलं असतं त्या वाक्यात? कुठेच नाही. मी नुसती ते नाव सांगणारी. दोन दिवस मला तुझा इतका हेवा वाटला की तुला उत्तर लिहायला बसले आणि कागद फाडून टाकला.

आज रविवार. मी आणि युवराज त्या ओसाड जागी गेलो होतो. घरून पाण्याचा कॅन नेला. एलनच्या पत्र्यापाशी थोडं पाणी ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. आईकडून आलंय असं मी तिला सांगितलं, मराठीतच. मग शेजारचा तंबू कुठे असेल याचा अंदाज घेऊन तिथेही ओतलं.

मी दिवाळीला येतेय. न्यायला नाही, राहायला. तिकीट काढलंय. वहिनी, एक मागते. मी असेन तेवढे दिवस आईचं पाणी माझ्याकडे दे. मला तिला पाणी द्यायचं आहे. तिला माझा आवाज ऐकू येत नाही, माझा चेहरा दिसत नाही. पेला तर हाताला लागेल ना?

राणी

---

नल्लकुंटा
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय राणी,

ये. दसऱ्याच्या आपट्याच्या पानांतली दोन तुझ्यासाठी ठेवली आहेत. पल्लवीची खोली तुला. तिकडचं सोनंबिनं काही आणू नकोस. मालनबाई म्हणतात त्या पत्र्याचा फोटो आण.

तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं. एलनबाईला पाणी पोचलं म्हणून आत्याबाई फार खूश आहेत. तुझा कागद पुन्हा उशाखाली गेला. त्याच्याखाली माझाही एक आहे, तो मी स्वतःच ठेवलाय.

तुझं मागणं त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तू काय म्हनतीस?" म्हणजे ठरवणारी मी. मी दिवसभर विचार केला. आज आंबील देतानाही करत होते.

तर असं कर. दुपारचं पाणी तू दे. जेवणानंतरचं दे, संध्याकाळच्या गोळीबरोबरचं दे, मध्ये कितीदाही दे. कोमट लागतं, स्टीलच्या पेल्यात, त्यांच्या उजव्या हातात, आणि पेला सोडायची घाई करायची नाही. हे सगळं मी तुला शिकवीन.

सकाळी उठल्याबरोबरचं मात्र मी देणार. तू जागी असलीस तरी अंथरुणातच पडून राहा. ती हाक आली की उठायचं नाही. त्या हाकेत माझं नाव आहे, राणी, ते मी कोणाला देत नाही.

तुझी,
त्रिवेणीवहिनी